तोंडभर लेकरं

मित्रांनो, काचेवर टकटक करू नका. मला कान दिसत नाहीत म्हणून मी बहिरा आहे असे समजू नका. माझ्या पोटात हवेची एक पिशवी आहे. पाण्यात कुठेही आवाज झाला की ती थरथरते आणि ते थरथरणे बारीक हाडांच्या साखळीतून थेट माझ्या डोक्यात पोहोचते. तुमच्या चपलांचा आवाज, हे मत्स्य केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंच्या किल्ल्या, मागच्या रांगेत चाललेली ढकलाढकली, सगळे मला कळते. या खोलीत गेल्या कित्येक वर्षांत जे जे बोलले गेले, ते मी ऐकले आहे. ऐकण्यावाचून मला दुसरा इलाजच नव्हता.

मी शिंगाळा मासा आहे, आणि आता म्हातारा झालो आहे. माझी पाठ राखाडी, पोट मळकट पांढरे. अंगावर खवला म्हणून नाही. तोंडाभोवती सहा मिशा आहेत. तुमच्यातले कोणीतरी आत्ताच म्हणाले, "शी, कसला दिसतोय!" म्हणू द्या. रूपाचे वाटप चालले होते तेव्हा आमची जात चिखलात तोंड खुपसून बसली होती. पण या मिशांना नावे ठेवू नका. खाडीच्या गढूळ पाण्यात डोळ्यांचा काही उपयोग नसतो. तिथे मिशाच आमची बोटे आणि मिशाच आमची जीभ. चिखलात वीतभर खाली दडलेला किडा गोड आहे की कडू, हे आम्हाला वरून कळते.

माझा जन्म माझ्या बाबांच्या तोंडात झाला. हसू नका, खरे सांगतो. आमच्यात आई अंडी घालते, चांगली गोटीएवढी मोठी, आणि निघून जाते. मग बाप ती अंडी एकेक करून तोंडात घेतो. तोंडातच ती घोळवत राहतो, म्हणजे प्रत्येक अंड्याला ताजे पाणी मिळते. अंडी फुटतात, तरी पिल्ले तोंडातच राहतात. पोटाला लटकलेला पिवळा बलक संपेपर्यंत त्यांना दुसरे घर नसते. या सगळ्याला दोन महिने लागतात. दोन महिने बाप अन्नाचा कण खात नाही. खाणार कसा? एक घास गिळायला जावे तर सगळे कूळ पोटात जायचे.

बाबांच्या तोंडातला तो तांबूस अंधार मला आठवतो. कल्ले उघडले की कडेने प्रकाशाची एक फट दिसायची आणि मिटायची. आम्ही भावंडे एकमेकांच्या अंगावर लोळत असू. एके दिवशी खारफुटीच्या मुळांपाशी, उथळ पाण्यात, बाबांनी तोंड उघडले आणि उघडेच ठेवले. आम्ही बाहेर पडलो. मी मागे वळून पाहिले. डोके तेवढे मोठे आणि त्याच्या मागे शेपटीपर्यंत नुसता सांगाडा. एवढेच पाहणे झाले. भरतीच्या पाण्याने आम्हाला आत ओढून नेले. सगळी मुले आपल्या बाबांना बाहेरून ओळखतात. मी माझ्या बाबांना ओळखतो ते फक्त आतून.

आता काट्याबद्दल सांगतो. आमच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंच्या परांवर एकेक, असे तीन काटे असतात. करवतीसारखे दातेरी. त्यांच्यावर पातळ कातडी असते आणि त्या कातडीत विष. भीती वाटली की काटे ताठ उभे राहतात आणि सांध्यात असे अडकतात की कोणी दाबून मिटवू म्हटले तरी मिटत नाहीत. मी बोटभर असताना एका पाणकावळ्याने मला उचलले आणि डोक्याकडून गिळायला सुरुवात केली. माझे काटे त्याच्या घशात उघडले. त्याने मला बाहेर ओकले, खूप फडफडला, आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुळांपाशी मरून पडलेला मला दिसला. मी त्याच्याभोवती चक्कर मारून आलो. मला वाईट वाटले नाही. आपल्या काट्याचा मला गर्व वाटला. लहान वय होते.

मोठा झाल्यावर मी खाडीच्या तोंडाशी, धक्क्याच्या खांबांखाली राहू लागलो. वर होड्या लागत. टाकाऊ मासळी, खेकड्यांचे पाय, कोळंबीची टरफले वरून पडत. आम्ही बसल्या जागी जेवत असू आणि जेवता जेवता माणसांचे बोलणे ऐकत असू. माणसे फार बोलतात. त्यांतल्या एका माणसाला सगळे 'दाई' म्हणत. उंच, किडकिडीत, मोठ्याने हसणारा. त्याच्या होडीवर तो आणि त्याचा धाकटा भाऊ, असे दोघेच. त्याला हे नाव का पडले, ते मला अनुभवाने कळले.

त्या वर्षी मी पहिल्यांदा बाप झालो होतो. तोंडात अंडी होती आणि मी दाईच्या जाळ्यात सापडलो. होडीत ओढल्यावर त्याने मला पाहिले आणि हातातले काम टाकले.

"अरे, याचं तोंड बघ कसं फुगलंय. पोटुशी आहे बिचारा."

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, बाप्या कधी पोटुशी असतो का?"

"यांच्यात असतो. आपल्यात असता ना, तर धक्क्यावर एवढी गर्दी झालीच नसती."

त्याने ओले पोते माझ्यावर घातले, पोत्यासकट मला उचलले आणि हळूच पाण्यात सोडले. "जा बाबा, बाळंतपण नीट कर," तो म्हणाला. माझ्या तोंडातले एकही अंडे पडले नाही. दुसऱ्या होड्यांवर काय होते, तेही मी पाहिले होते. जाळे वर गेले की भेदरलेले बाप तोंड उघडत आणि अंडी फळ्यांवर गोट्यांसारखी घरंगळत जात. कोणाच्या पायाखाली येत. कोणी ती झाडूने पाण्यात लोटी. पाण्यात पडलेल्या अंड्यांचा काही उपयोग नसतो. ती तळाला जातात आणि खेकडे त्यांच्यावर तुटून पडतात. आमच्या खांबांखाली पूर्वी शेकड्यांनी शिंगाळे असत. मी मोठा होईपर्यंत आम्ही मोजके उरलो होतो.

धक्क्यावरची माणसे त्याला चिडवत. "काय दाई, आज किती बाळंतिणी सोडवल्या?"

"पाच. सहावा तुझ्यासारखा दिसत होता, म्हणून लांबूनच नमस्कार केला."

दाईला एक मुलगी होती. ती चार वर्षांची असताना तिची आई गेली, असे मासळी निवडणाऱ्या बायकांच्या बोलण्यात येई. वेणी घालण्यापासून परीक्षेला सोडण्यापर्यंत सगळे दाईनेच केले. शाळेत कोणी विचारले, "आई कुठे आहे?" तर ती म्हणे, "होडीवर." आता ती मोठी झाली होती. याच मत्स्य केंद्रात टाक्या सांभाळण्याचे काम करत होती. सुटीच्या दिवशी ती धक्क्यावर येऊन बापाशेजारी जाळे शिवत बसे. दाई तिला 'माऊ' म्हणायचा.

एकदा ती म्हणाली, "बाबा, तू यांना सोडतोस ते ठीक आहे. पण तुझ्या एकट्याच्या सोडण्यानं काय होणार?"

"मग काय करू? सगळ्यांच्या होड्या बुडवू?"

"एक बाप अंड्यांसकट आमच्या टाकीत राहिला पाहिजे. अंडी किती दिवसांत फुटतात, पिल्लं कधी बाहेर पडतात, सगळं रोज लिहून ठेवता येईल. मग अमुक दिवस जाळी टाकू नका, असं ठामपणे सांगता येईल. मोठ्या बाई म्हणतात, असा मासा मिळणारच नाही. पाण्याबाहेर काढला की तो भीतीनं अंडी थुंकून टाकतो."

दाईने दोरा दातांनी तोडला. "मग थुंकू द्यायचं नाही," तो म्हणाला.

मी खाली खांबाशी होतो. मी ते ऐकले. पण माणसे धक्क्यावर बसून कितीतरी गोष्टी बोलतात, त्यातलीच ती एक, असे मला वाटले.

पुढच्या हंगामात माझ्या तोंडात सत्तेचाळीस अंडी होती. ती घेऊन मला जेमतेम दोन आठवडे झाले असतील. सकाळची वेळ होती. मी दाईच्या जाळ्यात सापडलो, आणि या वेळी वाईट अडकलो. दोरा कल्ल्यात रुतला होता. ओढावे तसा तो आणखी रुतत होता. दाईने जाळे वर घेतले आणि माझे फुगलेले तोंड पाहून तो ओरडला, "बादली भर! पोरीचा पाहुणा आला!"

"दादा, पोतं घे," भाऊ म्हणाला.

"पोत्यानं दोरा कसा दिसणार? कल्ला फाटेल त्याचा. सुरी दे इकडे."

त्याने उजवा तळहात माझ्या तोंडावर दाबून धरला. अंडी पडू नयेत म्हणून. आणि डाव्या हाताने दोरा कापायला घेतला. मित्रांनो, तो हात मी ओळखायला हवा होता. त्याच हातांनी मला एकदा सोडले होते. पण पाण्याबाहेर, उन्हात, श्वास कोंडलेला असताना मला फक्त एवढेच कळत होते की कोणीतरी माझे तोंड बंद केले आहे आणि तोंडात माझी लेकरे आहेत. मी सगळ्या ताकदीने उसळलो. माझा उजवा काटा त्याच्या अंगठ्याच्या बुडाशी घुसला. खोल घुसला. मी पुन्हा उसळलो तेव्हा काट्याचे टोक मोडून त्याच्या हातातच राहिले.

त्याने हात काढला नाही. दातओठ खाल्ले, पण दोरा पुरा कापला आणि मला बादलीत सोडल्यावरच हात बाजूला घेतला. एवढे करूनही नऊ अंडी पडली होती. अडतीस उरली.

"दादा, गरम पाणी हवं जखमेला. थर्मासात चहा आहे, ओत हातावर!"

"चहा काय हातानं प्यायचा असतो?" दाई हसला, पण त्याचा आवाज बारीक झाला होता. त्याने तो चहा दोन घोटांत पिऊन टाकला. "आधी याचं पाणी बदल. तापतंय बादलीत."

धक्का गाठायला तासभर लागला. त्या तासभरात दाई दर थोड्या वेळाने डाव्या हाताने तांब्या तांब्या पाणी काढून समुद्राचे ताजे पाणी बादलीत घालत होता. उजवा हात मांडीवर ठेवलेला. काट्याचे विष उष्णतेने मऊ पडते, हे त्यालाही ठाऊक होते. पण त्या दिवशी त्याला दुसरीच घाई होती.

"घरी काही बोलू नकोस," तो भावाला म्हणाला. "तिला कळलं तर म्हणेल, माझ्यामुळं झालं. पोरीच्या जिवाला उगाच घोर."

"आणि विचारलं तर?"

"खिळा लागला म्हणायचं. होडीला खिळ्यांची काय कमी आहे?"

बादली घेऊन तो या खोलीत आला. उजव्या हाताला रुमाल बांधला होता. "घे तुझा पाहुणा," तो म्हणाला. ती बादलीवर वाकली. माझ्या तोंडाच्या फटीतून अंडी दिसत होती. ती बापाच्या गळ्यात पडली. मग तिचे लक्ष रुमालाकडे गेले.

"हे काय झालं?"

"काही नाही गं, खिळा लागला."

आम्हाला आवाज काढता येतो. काटा सांध्यात घासून आणि पोटातली पिशवी थरथरवून आम्ही घोगरे कुरकुरतो. त्या क्षणी मी तसा आवाज काढला, जेवढा काढता येईल तेवढा मोठा.

"बाबा, ऐक, बोलतोय हा!"

"माझी तक्रार करत असेल," दाई म्हणाला, आणि दोघे हसले.

चौथ्या दिवशी तो पुन्हा आला. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली होती. त्याचा हात मनगटापर्यंत सुजून काळपट झाला होता आणि तो भिंतीला टेकून उभा होता. अंगात ताप असावा. तो काचेजवळ आला. "टिकलास ना?" तो म्हणाला. "छान. तिला सांगू नकोस हं." मग दुसऱ्या हाताने त्याने काच पुसली. काच आधीच स्वच्छ होती.

त्यानंतर मुलगी दोन आठवडे आली नाही. मोठ्या बाई स्वतः माझे पाणी बदलत. त्यांच्या आणि शिपाईमामांच्या बोलण्यातून मला एकेक कळत गेले. दाईला साखरेचा आजार होता, त्यामुळे जखम भरेना. त्याने डॉक्टरांनाही खिळाच सांगितला. डॉक्टरांनी गंजलेल्या खिळ्याचे औषधपाणी केले. मोडलेले टोक आत आहे, हे कोणाला कळलेच नाही. कळले तेव्हा हात कोपरापर्यंत काढावा लागला. तोपर्यंत विषार रक्तात पसरला होता. नवव्या दिवशी दाई गेला.

मी खायचे सोडलेलेच होते. दुःख झाले तर तुम्ही जेवत नाही. मला ती सोयही उरली नव्हती. मी नुसता अंडी घोळवत राहिलो.

ती परत आली तेव्हा तिच्या चालण्याचा आवाज बदलला होता. पण काम तिने सोडले नाही. रोज सकाळी पाणी तपासायची, हवेचा पंप तपासायची, वहीत लिहायची. अंडी फुटली त्या दिवशी ती माझ्या टाकीसमोर स्टूल ओढून बसली. तेव्हा मी या मोठ्या टाकीत नव्हतो, त्या कोपऱ्यातल्या लहान टाकीत होतो. ती म्हणाली, "बाबानं आणलेली शेवटची वस्तू आहेस तू. तुला काही झालं तर मी काय करू?" तिने काचेला कपाळ टेकवले. माझ्यावर कोणी एवढी माया केली नव्हती, आणि एवढी माया सोसणे मला कधी इतके अवघडही गेले नव्हते.

पुढच्याच आठवड्यात, टळटळीत दुपारी, धाकटा भाऊ आला. खोलीत ती एकटीच होती. तो उभाच राहिला.

"काका, बसा ना."

"बसायला नाही आलो. पोटात ठेवून ठेवून माझं पोट फाटायची वेळ आली आहे. माऊ, खिळा नव्हता."

"काय?"

"खिळा नव्हता गं. हा होता." त्याने माझ्याकडे बोट दाखवले. "याचं तोंड दाबून धरलं होतं दादानं. अंडी पडू नयेत म्हणून. तुझ्यासाठी. मला शपथ घातली होती. मी गप्प बसलो. डॉक्टरांसमोरसुद्धा गप्प बसलो मी." तो रडू लागला. "काढ याला बाहेर आणि ठेच डोकं याचं. नाहीतर माझं ठेच."

काका गेला. बराच वेळ ती खोलीच्या मधोमध उभी होती. मग ती भिंतीपाशी गेली आणि तिने पंपाचे बटण बंद केले.

बुडबुडे थांबले. मित्रांनो, बुडबुड्यांचा आवाज थांबल्यावर खोली किती मोठी वाटते, ते मला त्या दिवशी कळले. ती स्टुलावर भिंतीकडे तोंड करून बसली आणि तिने कानांवर हात ठेवले. उन्हाळा होता, टाकी लहान, पाणी कोमट. हळूहळू पाण्यातली हवा संपू लागली. मी कल्ले जोराने हलवले. मग वर आलो. पृष्ठभागावर तोंड लावून हवा ओढायची तर तोंड उघडावे लागते, आणि माझ्या तोंडात अडतीस पिल्ले होती. मिटलेल्या तोंडाने मी जितके थांबता येईल तितके थांबलो. माझे बाबा किती थांबले असते, मला माहीत नाही. माझे तोंड उघडले.

पिल्ले बाहेर पडली. पोटाला पिवळा बलक लटकलेला, धड पोहताही न येणारी. ती एकेक करत तळाला जाऊन पडली. काही वळवळत होती. काही नव्हती.

माझी शेपटी काचेवर आपटली असावी. तिने वळून पाहिले. तिला तळ दिसला. ती ओरडली, तसा आवाज मी माणसाच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. तिने पंप लावला, मगाने वरून पाणी ओतू लागली, मग उघडा हात खांद्यापर्यंत टाकीत घालून पाणी ढवळू लागली. तिचा हात माझ्या अगदी अंगाशी होता. माझे काटे उभे होते आणि ते आपोआप मिटत नाहीत, हे मी तुम्हाला सांगितले आहे. मी काचेच्या कोपऱ्यात स्वतःला इतके दाबून घेतले की माझी कातडी सोलली. दुसऱ्यांदा त्या घरातल्या कोणाला मी टोचलो नाही. एवढे एकच मला जमले.

अकरा पिल्ले वाचली. ती मी पुन्हा तोंडात घेतली. सत्तावीस पिल्ले तिने काचेच्या बशीत काढली, एकेक करून, आणि बशी मांडीवर घेऊन जमिनीवर बसून राहिली.

मोठ्या बाई आल्या. "अगं, काय झालं हे?"

"मी पंप बंद केला, बाई. मुद्दाम." मग तिने सगळे सांगितले, खिळ्याचे, काट्याचे, काकाचे. "याला मारायचं होतं मला. याच्या पोरांचं माझ्या डोक्यातच नव्हतं हो. बाबानं ज्यांच्यासाठी जीव दिला, ती मीच मारली."

बाई खूप कडक आहेत, तुम्हाला माहीत आहे. त्या तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या. मग त्या म्हणाल्या, "वही आण. आजचं लिही."

"काय लिहू? वीज गेली लिहू?"

"तुझ्या बाबांनी डॉक्टरांना खिळा सांगितला. तू तरी खोटं लिहू नकोस."

तिने लिहिले. वही अजून त्या कपाटात आहे. 'पंप मी बंद केला. पाऊण तास. सत्तावीस मेली.' खाली सही आहे. नंतर त्या वहीवरूनच कळले की आमची अंडी किती दिवसांत फुटतात आणि पिल्ले कधी बाहेर पडतात. धक्क्यावरच्या माणसांनी ते ऐकून घेतले. नियमापेक्षाही दाईच्या नावाला मान देऊन ऐकले. आता हंगामात ठरावीक आठवडे खाडीच्या तोंडाशी जाळी पडत नाहीत, असे काका येतो तेव्हा सांगतो. तो दाराशीच उभा राहून बोलतो. आत येत नाही.

अकरा पिल्लांचा बलक संपला तेव्हा ती त्यांना डब्यात घालून खारफुटीत सोडून आली. मलाही सोडायचे ठरले होते. बाई म्हणाल्या, "यालाही ने." ती म्हणाली, "याला इथंच राहू दे." का, ते कोणी विचारले नाही. शिक्षा म्हणून की सोबत म्हणून, ते मला आजवर कळलेले नाही. परत आल्यावर तिने माझ्याकडे न बघता एवढेच सांगितले, "गेली सगळी." ती जगली का, मोठी झाली का, मला माहीत नाही. बापाला ते कळत नसते. माझ्या बाबांनाही कळले नव्हते.

राखाडी कोट घालून ती पाहा, तुमच्या मागे उभी आहे. दर आठवड्याला शाळेची मुले येतात आणि ती त्यांना काट्याची गोष्ट सांगते. तुम्हालाही सांगेल. काट्याचा दोष नाही, असे ती शेवटी म्हणते आणि तेव्हा तिचा आवाज अगदी सरळ असतो. पण त्या दुपारनंतर ती माझ्याशी एक शब्दही बोललेली नाही. खाणे लांब चिमट्याने देते. कधी चुकवत नाही, कधी उशीर करत नाही. मी म्हातारा झालो, तिच्या केसांत पांढरे आले. आम्ही दोघे एका खोलीत आहोत.

मित्रांनो, आता तुम्ही निघाल. जाण्याआधी माझे एवढे ऐका. फुगलेल्या तोंडाचा मासा जाळ्यात दिसला तर त्याला पोत्यात धरा आणि पाण्यात सोडा. काटा लागला तर सोसेल इतक्या गरम पाण्यात हात धरा आणि दवाखान्यात जा. आणि कशाने लागले, ते खरे सांगा. लाज वाटली तरी सांगा, कोणाला वाईट वाटेल असे वाटले तरी सांगा. आज घरी गेल्यावर आपल्या आईचे, बाबांचे हात एकदा हातात घेऊन नीट पाहा. कुठे लागलेले दिसले तर विचारा. ते 'काही नाही' म्हणतील. मोठी माणसे असेच म्हणतात. तुम्ही हात सोडू नका. पुन्हा विचारा.